"आजच्या लेन्स मेलेल्या आहेत"? काहीही!

भिंगवाला:
रीळवाला यांनी काल लिहिलं की नव्या लेन्समध्ये जीव नाही, विकून टाका आणि हेलिओस ४४-२ ही जुनी रशियन लेन्स घ्या, तिच्यात आत्मा आहे. खाली बदामांचा पाऊस. मला एका नवशिक्या मुलीने खरंच विचारलं की लेन्स विकू का, म्हणून लिहितोय. हेलिओसची ती गरगरणारी पार्श्वभूमी आत्म्यातून येत नाही. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं, म्हणजे f/२ वर असताना कडेने तिरपा येणारा प्रकाश लेन्सच्या नळीतच अडतो, मागच्या उजेडाचे कडेचे गोल चपटे होतात आणि मध्याभोवती फिरल्यासारखे दिसतात, त्यात फोकसचं प्रतलही (जिथे सगळं स्पष्ट दिसतं तो पडदा) सपाट नसतं. जर्मन झाइस कंपनीच्या युद्धाआधीच्या बायोटार लेन्सचं हे डिझाईन, रशियनांनी ते दशकानुदशकं बनवलं. त्यासाठी मागे पानांची गर्दी लागते, पानं बरोब्बर अंतरावर लागतात, आणि फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा लागतो, कारण क्रॉप बॉडीत सेन्सर लहान, कडाच कापल्या जातात. त्या मुलीकडे क्रॉप बॉडी आहे! तिला कोण सांगणार?

रीळवाला:
दोष म्हणा नाहीतर गुण म्हणा, दिसतं ना वेगळं? बहिणीच्या हळदीला सगळे फोटो नव्या ८५ मिमी लेन्सवर काढले आणि घरात भिंतीवर लागला कुठला, तर हेलिओसवरचा आजीचा, अंगणातला, मागे चाफा. नव्या लेन्सने आजीचं एकेक रंध्र दाखवलं, ती म्हणाली ही मी नाही. याला तुमचा कुठला आलेख उत्तर देणार? आणि बारा-तेरा काचांतून प्रकाश गाळून आल्यावर फोटो सपाटच होणार, जुन्यात सहाच काचा.

भिंगवाला:
काचा मोजून काही होत नाही हो. कोटिंग, म्हणजे परावर्तन रोखणारा पातळ थर, नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४% प्रकाश परत फिरतो. निकॉनच्या झेड ५० मिमी f/१.८ लेन्समध्ये १२ काचा ९ गटांत (गटातल्या काचा एकमेकींना चिकटवलेल्या), म्हणजे १८ पृष्ठभाग, कोटिंग नसतं तर निम्म्याहून जास्त प्रकाश वाटेतच गेला असता. आजच्या कोटिंगमुळे जात नाही. उलट सूर्य समोर असताना धूसर होते ती तुमची हेलिओसच.
आजीचा फोटो चांगला असेल, नाही म्हणत नाही. पण ती मऊ त्वचा म्हणजे उरलेलं स्फेरिकल अ‍ॅबरेशन, भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एका बिंदूत न मिळण्याचा दोष, आणि ते नव्या लेन्समध्येही मुद्दाम ठेवतात. निकॉनची ५८ मिमी f/१.४ जी बघा, २०१३ ची.

गौरी_क्लिक्स:
तुम्हा दोघांचं पोट फोटोंवर नाही हे दिसतंय. अंतरपाट दूर होतो तो क्षण एकदाच येतो, तेव्हा मी हेलिओसची लांबलचक फोकस रिंग फिरवत बसू? मला डोळ्यावर फोकस धरणारी लेन्सच हवी. आणि रील बघून "व्हिंटेज लुक द्या" म्हणणारेच नंतर "हे ब्लर का आलंय" म्हणून पैसे अडवतात, गेल्या सीझनला एका पार्टीने अल्बमचे निम्मे दिलेच नाहीत!

दापोलीकर:
आत्मा राहू दे, फंगसचं, लेन्समधल्या बुरशीचं बोला ना कोणीतरी. कोकणात जुनी लेन्स ठेवणं म्हणजे काय ते पुण्यात बसून कळायचं नाही. माझी जुनी लेन्स, सुपर टाकुमार ५० मिमी f/१.४, श्रावण संपेपर्यंत आतून जाळ्यांनी भरली. एकाने सांगितलं उन्हात ठेव. ठेवली, पिवळेपणा गेला, जाळी तशीच.

रीळवाला:
पिवळेपणा थोरियमच्या काचेचा, तो अतिनील प्रकाशाने उतरतो. फंगस उन्हाने मेली तरी कोटिंग खाल्लेलं परत येत नाही.

क्रॉपबॉडी:
थोरियम?? घरात लहान पोर असताना रेडिओअ‍ॅक्टिव्ह वस्तू खिडकीत ठेवायला सांगताय लोकांना?

रीळवाला:
कॅमेऱ्याला लावून वापरण्यात काही होत नाही. काच घासून पूड करू नका म्हणजे झालं. उगाच घबराट पसरवू नका!

गौरी_क्लिक्स:
पोराचं सोडा, उन्हात भिंग उघडं ठेवलंत तर आधी पडदा पेटेल. मागे जाड फॉइल लावा.
आणि ती टाकुमार बाकीच्या लेन्सपासून लांब, पसरते ती.

भिंगवाला:
पसरत वगैरे नाही. बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, त्यांना ओल मिळाली की वाढतात. हवाबंद डबा, ओल शोषणारं सिलिका जेल, आत आर्द्रतामापक, काटा ४०-५० टक्क्यांवर ठेवा. चामड्याच्या केसमध्ये मात्र कधीच ठेवू नका, ते चामडंच ओल धरतं.

दापोलीकर:
सिलिका जेल इथे चार दिवसांत ओल पिऊन गुलाबी पडतं साहेब. तव्यावर भाजून भाजून बायको वैतागली. ड्राय कॅबिनेट, ते विजेवर आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, घ्यावं तर वीज दिवसदिवस नसते, त्यावर सांगा.

रीळवाला:
भिंगवाले, क्रॉप बॉडीचा मुद्दा धरला, त्या मुलीने लेन्स विकू नये. बाकी काही मान्य नाही. एकाच झाडाखाली, एकाच चेहऱ्यावर, f/२ ला दोन्ही लेन्स लावून दाखवा. छिद्र बारीक करून f/८ ला काढून "फरक कुठाय" म्हणायचं असेल तर राहू दे.

भिंगवाला:
f/२ लाच काढू. पण कुठला फोटो कुठल्या लेन्सचा ते आधी सांगायचं नाही, निवड गौरीताई करतील.

दापोलीकर:
अहो विजेचं?