डिफेंडर म्हणतो सगळं ठीक, मग कोपऱ्यात 'व्हायरस सापडला' कोण म्हणतंय?

दौतटाक:
घरचा लॅपटॉप, विंडोज ११. उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत, लगेच रिन्यू करा' अशा पाट्या सारख्या येतात, ब्राउझर बंद असला तरी. विंडोजच्याच डिफेंडर अँटीव्हायरसच्या क्विक स्कॅनला काहीच सापडत नाही. लॅपटॉपबरोबर आलेला एक ट्रायल अँटीव्हायरस आहे, त्याची मुदत संपली आहे. शिवाय एका पेन ड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत. डबल क्लिक केलं की उघडतात मात्र. पाट्या कशा घालवायच्या, फायली परत मिळतील का आणि पैसे भरून अँटीव्हायरस घ्यायलाच हवा का? फॉरमॅट अगदीच नाइलाज झाला तर.

पाटीपुस्तक:
ही दोन वेगळी दुखणी आहेत. आधी पाट्यांचं बघू.

पाटी आली की तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. तिथे ब्राउझरचं नाव आणि कुठल्या तरी अनोळखी साइटचा पत्ता दिसेल. म्हणजे हा व्हायरस नाही, नोटिफिकेशनची परवानगी आहे. 'तुम्ही रोबोट नाही ना? अलाउ दाबा' असं सांगून ती घेतलेली असते. डिस्कवर वाईट फाइलच नाही, तर डिफेंडरला सापडणार काय?

क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा आणि परवानगी असलेल्या यादीतून अनोळखी साइट काढून टाका. वरचा पर्याय 'कुठल्याच साइटला नोटिफिकेशन पाठवू देऊ नका' असा ठेवला तर पुन्हा विचारणाही होत नाही. खिडकी बंद असताना पाट्या येतात कारण ब्राउझर पार्श्वभूमीत चालूच असतो. सेटिंग्जमधल्या 'सिस्टिम' या पानावर तेही बंद करता येतं. जाता जाता ब्राउझरच्या एक्स्टेन्शन्सची (जोड प्रोग्रॅमची) यादीही चाळा.

जुनाखोका:
पेन ड्राइव्हचं प्रकरण मात्र खरं आहे. 'डबल क्लिक केलं की उघडतात' यातच मेख आहे. शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये टार्गेट बघा: फोल्डरच्या पत्त्याऐवजी सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्टने (विंडोजमधले कमांड आणि स्क्रिप्ट चालवणारे प्रोग्रॅम) सुरू होणारी लांबलचक ओळ असेल. आधी स्क्रिप्ट (कमांडची छोटी फाइल) चालते, मग फोल्डर उघडतो, त्यामुळे संशय येत नाही. लॅपटॉपलाही लागण झाली असेल असंच धरून चाला.

क्रम महत्त्वाचा. आधी लॅपटॉप, मग पेन ड्राइव्ह. उलटं केलंत तर साफ केलेला ड्राइव्ह लावताक्षणी पुन्हा बाधतो. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, तिथे डिफेंडर ऑफलाइन स्कॅन निवडा. चालू कामं सेव्ह करा, कारण मशीन रीस्टार्ट होतं. साधारण १५ मिनिटं लागतात. निकाल प्रोटेक्शन हिस्टरीत दिसतो. ऑफलाइन अशासाठी, की विंडोज सुरूच नसल्याने लपून बसलेल्या प्रोग्रॅमला स्वतःचा बचाव करता येत नाही.

मग पेन ड्राइव्हचा कस्टम स्कॅन. फायली गेलेल्या नसतात, त्यांना हिडन आणि सिस्टिम असे दोन्ही गुण चिकटवलेले असतात. म्हणूनच प्रॉपर्टीजमध्ये हिडनची खूण निघत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये ही ओळ द्या (अक्षरं रोमनमध्ये, ई च्या जागी तुमच्या ड्राइव्हचं अक्षर):

ॲट्रिब -एच -आर -एस /एस /डी ई:\*.*

कधी सगळा माल एका बिननावाच्या फोल्डरमध्ये कोंबलेला असतो, तोही तपासा. कागदपत्रं आणि फोटो तेवढे कॉपी करा. शॉर्टकट आणि व्हीबीएस, जेएस, ईएक्सई या स्क्रिप्ट-प्रोग्रॅमच्या फायलींना हात लावू नका. मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा.

वळणदार:
विकतच्या अँटीव्हायरसबद्दल: घरच्या वापराला डिफेंडर पुरतो, पण तो जागा हवा. दुसरा अँटीव्हायरस बसवला की डिफेंडर बाजूला होतो, आणि मुदत संपलेला तसाच पडून असेल तर धड एकही राखण करत नाही अशी गत होऊ शकते. ट्रायल अनइन्स्टॉल करा, अवशेष उरले तर त्या कंपनीचं रिमूव्हल टूल वापरा, रीस्टार्ट करून रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू आहे ना बघा. दोन रिअल-टाइम अँटीव्हायरस एकदम नकोत. दोघंही प्रत्येक फाइल उघडताना मध्ये पडतात आणि मशीन रांगायला लागतं.

डिफेंडरमधली एक्सक्लुजन्सची (स्कॅनमधून वगळलेल्या जागांची) यादी जरूर उघडा. क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं बसताना पुष्कळदा स्वतःचा फोल्डर, कधी अख्खा सी ड्राइव्ह तिथे टाकून जातात. मग स्कॅन कितीही वेळा करा, तिकडे बघितलंच जात नाही.

रोजचं काम स्टँडर्ड (ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेल्या) अकाउंटवर करा आणि फाइल एक्सप्लोररमध्ये फाइल नेम एक्स्टेन्शन्स (नावाच्या शेवटी फाइलचा प्रकार सांगणारं शेपूट) दिसू द्या, नाहीतर 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' नुसतं 'बिल.पीडीएफ' दिसतं.

तारयंत्र:
@वळणदार, डिफेंडर पुरतो हे मान्य, पण माणसानेच दार उघडलं तर तोही उशिरा पोचतो. सध्याचा प्रकार म्हणजे खोटा कॅप्चा: 'विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर.' साइटने क्लिपबोर्डवर आधीच पॉवरशेलची (विंडोजमधल्या कमांड चालवणाऱ्या साधनाची) कमांड ठेवलेली असते. ती ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) चोरणारा प्रोग्रॅम उतरवते. घरात कुणी असं केलं असेल तर पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला आणि 'सगळीकडून लॉगआउट'ही करा. चोरलेली कुकी पासवर्ड न विचारताच आत घेते.

बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवू नका, रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) तीही कुलूपबंद करतं. आणि अपडेट पुढे ढकलू नका: वॉनाक्राय हे असंच रॅन्समवेअर १२ मे २०१७ ला पसरलं, त्याने वापरलेलं भोक बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं.

दौतटाक:
पाट्या थांबल्या. ऑफलाइन स्कॅनने एक व्हीबीएस फाइल पकडली. आता लॉगिन केलं की 'स्क्रिप्ट फाइल सापडत नाही' असा खोका येतो. अजून काही उरलंय का?

जुनाखोका:
फाइल गेली, तिला हाक मारणारी नोंद उरली. सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घ्या, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. फाइल जागेवर नसलेल्या नोंदी पिवळ्या दिसतात. लॉगऑन आणि शेड्यूल्ड टास्क्स या दोन टॅबमध्ये त्या स्क्रिप्टचं नाव शोधा. आधी नुसती टिक काढून रीस्टार्ट करा. खोका आला नाही तरच नोंद डिलीट करा. बाकी पिवळ्या ओळींच्या मागे लागू नका, अनइन्स्टॉल केलेल्या साध्या प्रोग्रॅमचेही अवशेष तिथे असतात.