नगरसेविका निवडून दिल्यावर तक्रार त्यांच्या पतींकडे का न्यावी लागते?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
आमच्या गल्लीतील गटार दर पावसाळ्यात तुंबते. या खेपेस मी नगरसेविकांच्या घरी गेले, तेव्हा त्यांच्या पतींनी दारातच "मी बघतो, काळजी करू नका" असे सांगून मला परत पाठवले. त्या आतल्या खोलीत होत्या आणि आमचे बोलणे त्यांना ऐकू जात होते. महापालिकेच्या ७८ पैकी निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असताना निवडून आलेल्या बाईंना त्यांचे काम करू न देणे हा मतदारांचाही अपमान आहे, असे मला मनापासून वाटते. आपण काय करावे?

उत्तर १ (महापालिकेचे सेवानिवृत्त कर्मचारी, मिरज)
दोष केवळ घरच्यांचा नाही. महासभेची विषयपत्रिका नगरसेविकांच्या घरी पोहोचवताना आम्ही ती सर्रास त्यांच्या पतींच्या हाती देत असू आणि एखाद्या ठरावाविषयी काही विचारायचे झाल्यास फोनही त्यांनाच लावत असू. ते चुकीचे होते. २०११ मध्ये राज्याने आरक्षण ५० टक्क्यांवर नेले, तरी कार्यालयातील आमची सवय तीच राहिली.

उत्तर २ (कुपवाड)
घरच्या माणसाने मदत केली तर बिघडले कुठे? नवख्या नगरसेवकालाही त्याचे वडील किंवा थोरले भाऊ शिकवतातच.

उत्तर ३ (माजी नगरसेविका, सांगली)
शिकवणे निराळे आणि जागा घेणे निराळे. त्या नवख्या नगरसेवकाच्या वडिलांना कोणी "नगरसेवक" म्हणून हाक मारत नाही. माझ्या पतींना मात्र तशी हाक मारत असत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा निवारा केंद्रातील शौचालये, पाळीच्या काळातील गरजा आणि तान्ह्या मुलांचे दूध यांविषयी बायका थेट माझ्याशी बोलल्या, कारण या गोष्टी त्या माझ्या पतींना सांगूच शकत नव्हत्या. तेव्हापासून लोकांचे फोन मला येऊ लागले. पुढे आरक्षणाच्या सोडतीत माझी जागा सर्वसाधारण झाली आणि "आता इथे पुरुष उमेदवार द्यायचा" असे पक्षाच्या बैठकीत मला ऐकवण्यात आले. सर्वसाधारण जागा पुरुषांसाठी राखीव असते, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. कामाचा अनुभव पाच वर्षांनी असा वाया जातो, याचे दुःख मला पतींच्या हस्तक्षेपाहूनही अधिक आहे.

उत्तर ४ (सातारा)
अर्ज लेखी द्यावा, तो नगरसेविकांच्याच नावे लिहावा आणि पोच त्यांच्याच सहीने घ्यावी. आमच्या पेठेत आम्ही असेच करतो.

प्रश्नकर्ती
काल तसाच अर्ज घेऊन गेले आणि "मला बाईंनाच भेटायचे आहे" असे सांगून थांबले. त्या बाहेर आल्या, त्यांनी सही केली आणि गटार कोणत्या वळणावर तुंबते ते विचारले. पती शेजारीच उभे होते, परंतु मी बाईंकडे पाहूनच उत्तर दिले. सोमवारी त्या पाहणीसाठी येणार आहेत.