नवीन विंडोज/लिनक्स टाकल्यावर पीसी सारखा रिस्टार्ट होतोय? आपापले अनुभव लिहा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून ओळखीपाळखीत सगळीकडे जुन्या मशीनवर ११ नाहीतर लिनक्स टाकायचं चालू आहे, आणि बऱ्याच जणांचं गाडं एकाच ठिकाणी अडतंय. इन्स्टॉल होतं, पीसी रिस्टार्ट होतो, मग परत होतो, मग होतच राहतो. दुकानात नेलं की एकच उत्तर, "परत फॉरमॅट मारू". अहो पण का रिस्टार्ट होतोय ते तरी बघा आधी! माझं म्हणणं एवढंच आहे की तो नेमका कधी बंद पडतो ते नीट बघितलं, लोगो यायच्या आधी, गोल फिरताना, की डेस्कटॉप आल्यावर, तर अर्धं काम तिथेच होतं.

आमच्याकडे आईबाबांच्या पीसीवर डेस्कटॉप यायचा, जरा वेळ चालायचा आणि फट्कन रिस्टार्ट. निळी स्क्रीन यायची पण वाचायच्या आत गायब. मग सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्जमध्ये 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची टिक काढली, तेव्हा कुठे स्क्रीन थांबली आणि 'मेमरी मॅनेजमेंट' असा स्टॉप कोड (पीसी का बंद पडला त्याची खूण) दिसला. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून पिना खोडरबराने घासल्या, मग एकेक लावून मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्रॅम) रात्रभर चालवली. एका पट्टीत लालेलाल एरर, दुसरी स्वच्छ. खराब पट्टी बदलली, विंडोज परत टाकावंच लागलं नाही.

ज्यांनी ज्यांनी भोगलंय त्यांनी लिहा, शेवटी कशाने सुटलं ते मात्र नक्की लिहा.

नाशिककर

माझं साधं होतं. सेटअप फायली कॉपी करून रिस्टार्ट घ्यायचा आणि परत पहिल्यापासून 'भाषा निवडा'. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डचा प्रोग्रॅम) बूट ऑर्डरला, म्हणजे आधी कुठून सुरू व्हायचं त्या क्रमात, पेनड्राईव्ह पहिला होता म्हणून तो दरवेळी तिथूनच सुरू व्हायचा. पहिल्या रिस्टार्टला स्क्रीन काळी झाली की पेनड्राईव्ह काढून घ्यायचा, बास.

जुना कॅफेवाला

२००३ च्या ऑगस्टमधली गोष्ट सांगतो, तेव्हा मी सांगलीत सायबर कॅफे सांभाळायचो. विंडोज एक्सपी नवीकोरी टाकायची, सगळं झकास, आणि नेटची वायर लावली की काही मिनिटांत खिडकी यायची, 'सिस्टीम इज शटिंग डाऊन', ६० सेकंदांचा काउंटडाऊन, आरपीसी नावाची विंडोजची आतली सर्व्हिस बंद पडली म्हणून. गिऱ्हाईक समोर बसलेलं, त्याचा अर्धा भरलेला फॉर्म गेला. सगळ्यांना वाटायचं सीडी खराब आहे, म्हणून दुसरी सीडी, परत फॉरमॅट, परत तेच. तो ब्लास्टर वर्म होता, म्हणजे नेटवरून आपला आपण पसरणारा व्हायरस. त्याला ना मेल उघडावी लागायची ना फाईल, १३५ नंबरच्या पोर्टमधून नुसता नेटवरून आत यायचा, त्यामुळे ताजी एक्सपी म्हणजे त्याला उघडं दारच. मायक्रोसॉफ्टचा पॅच (त्यावरची दुरुस्ती) जुलैतच आला होता पण तो उतरवायला नेट लावायचं तर पॅचच्या आधी वर्म हजर! शेवटी रस्ता असा सापडला की वायर लावायच्या आधीच एक्सपीचा फायरवॉल (नेटवरून आत येणारं अडवणारा) चालू करायचा (तो असायचा पण मुळात बंद), आणि तरीही काउंटडाऊन आलाच तर रनमध्ये 'शटडाऊन', मग स्पेस, डॅश आणि ए, की तो थांबायचा. पॅच उतरवून सीडीवर घेतला आणि मग ती सीडी गावभर फिरली. पुढे ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून फायरवॉल आपोआप चालू यायला लागला. धागाकर्ते म्हणतात ते शंभर टक्के खरं, 'वायर लावल्यावरच होतंय' हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांचेच पीसी लवकर सुटले.

कोल्हापूरकर

आमच्या लेकाच्या गेमिंग पीसीवर ११ टाकल्यावर दिवसभर काही नाही, अपडेटमधून ग्राफिक्सचा ड्रायव्हर आला आणि गेम सुरू केला की ठप्प, निळी स्क्रीन पण नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घडामोडींची नोंद) कर्नल पॉवर ४१. लोक या ४१ लाच आजार समजतात, पण त्याचा अर्थ एवढाच की पीसी नीट बंद न होता परत सुरू झाला. ड्रायव्हर नीट बसल्यावर कार्ड पूर्ण ताकदीने वीज ओढायला लागलं आणि स्वस्तातल्या एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणारा डबा) ते झेपेना. चांगल्या कंपनीचा एसएमपीएस घातला, आता व्यवस्थित. पैसे वाचवायचे तर कॅबिनेटवर वाचवा, एसएमपीएसवर नको.

लिनक्सवाली

मी लिनक्स मिंट टाकलं होतं. मीपण आधी ड्रायव्हरलाच धरलं, ग्रबमध्ये (लिनक्स सुरू व्हायच्या आधीचा मेनू) 'नोमोडसेट' लिहून पाहिलं (एनव्हिडियाचं कार्ड असेल तर हे आधी करून बघाच). फरक नाही. मग एका दादांनी फोनवर सांगितलं की बायोस उघड आणि नुसती बघत बस. बायोसमध्येसुद्धा रिस्टार्ट झाला! तिथे ना विंडोज ना लिनक्स, म्हणजे ओएसचा संबंधच संपला. कॅबिनेटचं रिसेट बटन आत दबून अडकलं होतं. मदरबोर्डवरून त्याची दोन पिनांची वायर काढली आणि तेव्हापासून एकदाही नाही.

रत्नागिरीची

माझा अजून सुटलेला नाहीये. लॅपटॉप आहे, ११ टाकल्यापासून 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' येतं आणि परत सुरू. टिक कुठून काढू, डेस्कटॉपच येत नाही. दुकानवाला फॉरमॅट म्हणतोय, पण मुलीचा प्रोजेक्ट त्यात आहे.

धागाकर्ता

ताई, फॉरमॅट अजिबात करू देऊ नका. लॅपटॉप चार्जरला लावा आणि आधी मोबाईलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन बिटलॉकरची (डिस्कला लागलेल्या कुलपाची) रिकव्हरी की लिहून घ्या, मध्येच मागू शकतो. मग त्या रिपेअर स्क्रीनवर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ट्रबलशूट, परत ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट. यादी येईल त्यात ४ म्हणजे सेफ मोड (अगदी गरजेपुरतं विंडोज). त्यात उघडला तर प्रोजेक्ट लगेच पेनड्राईव्हवर घ्या. नाही उघडला तर त्याच यादीत ९ दाबा, त्याने आपोआप रिस्टार्ट व्हायचं थांबतं, निळी स्क्रीन आली की तिचा फोटो काढून इथे टाका.