शाळेतल्या मुलांच्या आपसातल्या छळाविरुद्ध कायदा हवा – आमदारांना द्यायच्या निवेदनासाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझा मुलगा सातवीत आहे. तालुक्याच्या गावातली अनुदानित मराठी शाळा. नाव मुद्दाम लिहीत नाही.

तो लहानपणापासून बोलताना अडखळतो. मधल्या सुट्टीत तीन-चार मुलं त्याला नळापाशी अडवतात. "पाणी म्हण, मग पी." तो प-प-प करत राहतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. यातलं एक अक्षर त्यानं घरी सांगितलं नाही. शाळेतून आला की दप्तर न काढताच तांब्या तोंडाला लावायचा, मला वाटायचं ऊन आहे. मग प्रगतिपुस्तक आलं, त्यात ११ दिवस गैरहजर. एकही खाडा नसताना! खोदून विचारल्यावर कळलं, हजेरीला तो 'हजर' म्हणतच नाही, कारण तोंड उघडलं की मागून नक्कल सुरू होते. बाई खाली बघून नावं वाचतात. आवाज आला नाही की गैरहजेरी.

मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, पोरं आहेत, चालायचंच." लेखी तक्रार दिली तर तिची पोचही दिली नाही. म्हणे रॅगिंगचा कायदा कॉलेजला असतो, शाळेला नाही.

म्हणून मी स्वतः वाचायला बसले. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ चा आहे. रॅगिंगच्या व्याख्येत चिडवणं, शिवीगाळ, धमकावणं, मनाविरुद्ध काही करायला लावणं, सगळं येतं. आणि शैक्षणिक संस्था म्हणजे महाविद्यालय किंवा शिक्षण देणारी इतर संस्था, मग तिचं नाव काहीही असो. मग शाळा का नाही? पालकांची लेखी तक्रार आली की प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची, टाळाटाळ केली तर गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जातं. हे सात दिवस मला फार मोलाचे वाटतात.

पण त्याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. बारा वर्षांची पोरं ही! त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाईल, तुरुंगात कोणी जाणार नाही, हे कळतं. तरी मला ते नको. त्यातला एक शेजारचाच आहे, माझ्या हातचं खाऊन वाढलाय. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मानसिक छळाला मनाई करतं, पण कारवाई सेवानियमांनुसार. म्हणजे शिक्षकानं छळलं तर उपयोग, वर्गमित्रानं छळलं तर काय? जपाननं २०१३ मध्ये खास यासाठी कायदा केला. त्यात छळ झाला की नाही हे ज्याला त्रास होतो त्याच्या बाजूनं ठरतं आणि प्रत्येक शाळेत त्यासाठी कायमची यंत्रणा ठेवावी लागते. मला हवंय ते असं काहीतरी, शाळेला बांधून घेणारं.

आम्ही नऊ पालक मिळून निवेदन देतोय. तक्रारीची पोच, सात दिवसांत चौकशी, निष्कर्ष पालकांना लेखी, आणि दोन्हीकडच्या मुलांसाठी समुपदेशक, एवढ्या मागण्या लिहिल्यात. अडतंय ते असं:

१९९९ चा कायदा कोणी शाळेच्या बाबतीत वापरलाय का? काय झालं पुढे?

त्याच कायद्यात दुरुस्ती मागावी की शाळांसाठी वेगळा कायदा? एक वकील ओळखीचे आहेत, ते दुरुस्ती म्हणतात. मला वेगळा बरा वाटतो, कारण 'रॅगिंग' शब्द ऐकला की शाळा अंग काढून घेतात.

आमदारांकडे नेमकं काय मागायचं, लक्षवेधी (सभागृहात मंत्र्यांचं लक्ष वेधून उत्तर मागणारी सूचना) की अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदारानं मांडलेलं विधेयक)? यातलं कोणाला माहीत असेल तर मसुदा बघून द्याल का?

शनिवारी अकराची वेळ मिळाली आहे. मुलगा बरोबर येतो म्हणतोय. "मी बोलणार नाही, कागद फक्त मी देईन." त्याला न्यावं का, हेही सांगा. माझं मन अजून धजत नाही.