मदत हवी आहे: घरी पहिल्यांदाच पोर्क रिब्स स्मोक करतोय

मंडळी, मी जळगावकडचा. भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजण्यात हात बसलाय, पण डुकराच्या बरगड्या धुरावर शिजवायचं नवीनच खूळ घेतलंय. जुन्या पत्र्याच्या पिंपाला खाली भोकं पाडली, वर जाळी टाकली.

गेल्या रविवारी फजिती झाली. बाभळीची लाकडं ओलसर होती. पांढरा दाट धूर बघून मी खूश! चार तासांनी चावलं तर जीभ कडू, आणि हाडांच्या आतल्या बाजूचा पापुद्रा रबरासारखा ताणतोय. (तो आधीच सोलायचा असतो म्हणे.) कुत्र्यानंही वास घेऊन तोंड फिरवलं.

आता ११० अंशांवर ३ तास धूर, २ तास फॉइलमध्ये, मग चिंच-गुळाचा हात फिरवून १ तास उघडं, असं ठरवलंय. आंब्याचं वाळलेलं लाकूड चालेल का? आणि फॉइलऐवजी केळीची पानं गुंडाळली तर वाफ आत राहील की पानं करपतील? पानांना इथे तोटा नाही हो. काळा मसाला चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवणार आहे. मीठ तेव्हाच लावू की सकाळी? कुणी पिंपावर केलं असेल तर आच एकसारखी कशी ठेवता तेवढं सांगा. रविवारी पाहुणे येताहेत.