मेंदूतली गाठ काढली, वागणं थांबलं. मग शिक्षा कोणाला द्यायची?

पिंपळपान (धागाकर्ती)

अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधला एक शाळामास्तर. वय चाळीस, आधीचा गुन्हा वगैरे काही नाही. २००० साली अचानक लहान मुलांची अश्लील छायाचित्रं जमवायला लागला, मग सावत्र मुलीशी लगट केली. बायकोने घराबाहेर काढलं, कोर्टाने दोषी ठरवलं. तुरुंगाऐवजी उपचारकेंद्रात पाठवलं, तर तिथल्या बायकांनाही सोडेना. शेवटी तुरुंग अटळ झाला. शिक्षेच्या आदल्या संध्याकाळी डोकं फुटतंय म्हणत तो इस्पितळात गेला. एमआरआय काढला तर कपाळामागे, डोळ्यांच्या खोबणीच्या वर, अंड्याएवढी गाठ.

गाठ काढली आणि ती ओढ गेली. उपचार नीट पूर्ण करून तो सात महिन्यांनी घरी परतला. २००१ मध्ये पुन्हा डोकेदुखी, पुन्हा लपूनछपून तीच चित्रं. तपासलं तर गाठ पुन्हा वाढलेली. पुन्हा काढली. बर्न्स आणि स्वर्डलो या डॉक्टरांनी २००३ मध्ये ही केस छापली.

माझं म्हणणं असं: जे वागणं गाठीबरोबर आलं आणि गाठीबरोबर गेलं, त्याला त्या माणसाचा 'स्वभाव' म्हणणं चूक आहे. त्याला उपचार आणि देखरेख हवी. शिक्षा कशाची? तुम्हाला काय वाटतं?

तिरका_डोळा

मला वाटतं की या चर्चेत ती मुलगी कुठेच नाही. तिच्यासाठी गाठ होती की नव्हती याने काय फरक पडला?

आणि दुसरं. मेंदूशिवाय कोण काय करतो? खिसेकापू खिसा कापतो तेही मेंदूनेच. त्याच्या मेंदूत दिसण्यासारखी गाठ नाही एवढंच. म्हणजे ज्याचं कारण एमआरआयमध्ये दिसतं तो आजारी, ज्याचं दिसत नाही तो बदमाश. आणि एमआरआय परवडतं कोणाला, हेही बोलू या की. येरवड्यात सडणाऱ्या किती कच्च्या कैद्यांचं डोकं कोणी तपासलंय?

पिंपळपान

तिरका_डोळा, मुलीबद्दलचा मुद्दा मान्यच आहे, त्यावर वाद नाही. पण 'सगळंच मेंदू' म्हणून फरकच पुसून टाकायचा का? इथे वागण्याला सुरुवातीची तारीख आहे, गाठ काढल्यावर थांबलं, गाठ आल्यावर सुरू झालं. खिसेकापूच्या बाबतीत असं काही दाखवता येतं का? येत असेल तर त्यालाही तोच न्याय लावा. एमआरआय परवडत नाही याचा अर्थ सरकारने तपासणी करावी असा होतो. 'कोणाचीच करू नका' असा कसा होईल?

काळा_कोट

वकिली नजरेतून एक अडचण. आपल्याकडे भारतीय दंड संहितेचं कलम ८४ होतं, तेच आता न्याय संहितेत कलम २२ आहे. मूळ १८४३ चं, इंग्लंडच्या मॅकनॉटन खटल्यातलं. पंतप्रधान पील समजून मॅकनॉटनने त्यांच्या सचिवाला, ड्रमंडला, गोळी घातली होती. कसोटी अशी: मनोविकृतीमुळे आरोपीला आपण काय करतोय, किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हे *कळत* नव्हतं का? कळत होतं पण *आवरत* नव्हतं, या बचावाला या कलमात जागाच नाही.

व्हर्जिनियाच्या मास्तरला सगळं कळत होतं. चूक आहे हे माहीत होतं, लपवत होता. केस लिहिणाऱ्या डॉक्टरांनीच नोंदवलंय की योग्य-अयोग्याची जाण शाबूत होती, ताबा गेला होता. हाच खटला पुण्यात चालला असता तर कलम ८४ खाली तो सुटला नसता. शिक्षा कमी करताना न्यायाधीशांनी विचार केला असता इतकंच.

ज्याला खरंच लागू होतं तेही सांगतो. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनाच्या आरोपातून कलम ८४ खाली मुक्त केलं. पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचा (संशयाचे भ्रम होणारा मनोविकार) जुना आजार, वडिलांनाही मनोविकार, घटनेच्या आधी आणि नंतर सतत इस्पितळाच्या वाऱ्या, हे सगळं कागदोपत्री होतं. आणि 'मुक्त' म्हणजे बसस्टँडवर सोडून दिलं असं कायद्याला अभिप्रेत नसतं. अशा आरोपीला सुरक्षित ताब्यात ठेवायचं किंवा हमीवर नातेवाइकांकडे सोपवायचं, अशी तरतूद आहे.

सदाशिवपेठी

फिनियस गेज कसा अजून कोणी आणला नाही? मेंदूच्या प्रत्येक चर्चेत त्याला हजेरी लावावीच लागते. १८४८, व्हरमाँट, रेल्वेच्या कामावरचा मुकादम. सुरुंग ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांवर लांब, सहा किलोची लोखंडी पहार गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली. माणूस जगला, पण शिवराळ, लहरी, बेभरवशी झाला. ओळखीचे म्हणायचे हा तो गेजच नव्हे. स्वभाव कपाळामागे असतो हे तेव्हाच सिद्ध झालं. विषय संपला.

न्यूरॉन_नाशिक

विषय संपत नाही, कारण गेजची गोष्ट सगळे अर्धीच सांगतात. १८५२ मध्ये तो चिलीला गेला आणि सुमारे सात वर्षं तिथे घोडागाडी हाकली. वाल्पाराइसो ते सँटियागो हा लांबचा मार्ग, अनेक घोड्यांचे लगाम एकाच वेळी हातात, पहाटे उठणं, उतारूंशी बोलणं. पूर्ण बिघडलेल्या माणसाला ही नोकरी कोण ठेवील? ठरलेला दिनक्रम आणि कामाची शिस्त यांनी तो बराच सावरला असावा, असं आता बरेच अभ्यासक मानतात. १८६० मध्ये आकडी येऊन गेला.

मी मेंदूविकार विभागात निवासी डॉक्टर आहे, त्यामुळे धागाकर्तीच्या बाजूने बोलेन असं वाटेल. अर्धाच बोलतो. गाठींच्या केसेस नाट्यमय असतात म्हणून लक्षात राहतात. मला जास्त बोलकं वाटतं ते गोळ्यांचं प्रकरण. पार्किन्सन्समध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात, हात थरथरतो, चाल आखडते. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्या मेंदूला डोपामिन आल्याचा भास करून देतात. पण डोपामिनचं काम फक्त हालचालींपुरतं नाही. 'हे हवंय, अजून हवंय' ही ओढसुद्धा त्यावरच चालते आणि या गोळ्या नेमक्या तिथल्या ग्राहींनाही (पेशींवर डोपामिन जिथे चिकटतं त्या जागांनाही) जोरात चिकटतात. मग आयुष्यात पत्ता न पिसलेला माणूस जुगार खेळू लागतो, कोणी खरेदीचा सपाटा लावतो, कोणाची कामेच्छा बेताल होते, कोणी रात्रभर रेडिओ खोलून पुन्हा जोडत बसतो. २०१० मध्ये तीन हजारांवर रुग्णांचा एक मोठा अभ्यास आला. या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये असं वागणं १७.१ टक्के, न घेणाऱ्यांमध्ये ६.९ टक्के.

आता दोन्ही बाजूंनी बघा. गोळीने फरक पडतो यात शंका नाही. पण तीच गोळी घेऊन शंभरातले ऐंशीहून अधिक जण नीट वागतात. वय, आधीचा स्वभाव, घरातली व्यसनं, एकटेपण, सगळं त्यात मिसळतं.

मालवणी_मिरची

डॉक्टर, ही गोष्ट आमच्याकडे घडली आहे. माझे सासरे, निवृत्त तलाठी. गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत गादीखाली लॉटरीच्या तिकिटांच्या थप्प्या. फंडाचे पैसे गेले, मग सासूबाईंच्या पाटल्या गेल्या. विचारलं की सरळ तोंडावर खोटं बोलायचे. आयुष्यभर हिशेबाचे इतके पक्के, की आम्हाला वाटलं आजाराने अपमान झालाय म्हणून सूड उगवतायत. डॉक्टरांनी कधी विचारलं नाही, आम्हीही कधी सांगितलं नाही, कारण 'लॉटरी' हे लक्षण आहे हे कोणाला सुचणार? गोळी हळूहळू कमी केल्यावर सगळं थांबलं.

पण धागाकर्तीला सांगते, थांबलं म्हणजे मिटलं नाही. सासूबाईंनी एकच विचारलं, "गोळी घ्यायला लावली डॉक्टरांनी, पण खोटं कोण बोललं?" मोठे दीर अजून 'नाटकं' म्हणतात. सासऱ्यांना स्वतःला तर गोळीचं कारण अजिबात नको असतं. ते म्हणतात, "मीच घेतली तिकिटं, गोळी दुकानात गेली नव्हती." त्यांना माफी नको, कारभार परत हवाय. बँकेचं पासबुक आम्ही अजून त्यांच्या हातात दिलेलं नाही.

तिरका_डोळा

मालवणी_मिरची, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. मी एवढ्या वेळात जे बोलायचा प्रयत्न करतोय ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. सगळं रसायनावर ढकललं की माणूस सुटतो, पण माणूस म्हणून उरतही नाही.

पिंपळपान

वाक्य सुंदर आहे, पण त्यावरून धोरण ठरवू नका. सासऱ्यांनी जबाबदारी घेतली हा त्यांचा मोठेपणा. घराने ती त्यांच्यावर लादणं ही वेगळी गोष्ट. आणि बघा ना, घराने प्रत्यक्षात केलं काय? गोळी कमी केली आणि पासबुक काढून घेतलं. उपचार आणि देखरेख. मी सुरुवातीला तेच म्हटलं होतं.

गवती_चहा

पार्किन्सन्सला आयुर्वेदात कवचबीज आहे, नैसर्गिक. त्याने असले दुष्परिणाम होत नाहीत.

न्यूरॉन_नाशिक

गवती_चहा, कवचबीजात लेव्होडोपा असतं. पार्किन्सन्सच्या जुन्या आणि नेहमीच्या गोळीतही तेच द्रव्य. म्हणजे औषध आहे, आणि म्हणूनच चालू गोळ्यांवर स्वतःच्या मनाने घेऊ नये, मात्रा जास्त होऊ शकते. चालू गोळ्या अचानक बंदही करू नयेत, त्याचा वेगळाच त्रास होतो. घरच्यांनी डॉक्टरकडे जाताना 'पैसे, खरेदी, जुगार, कामेच्छा' यातलं काही बदललंय का ते आपण होऊन सांगावं. लाजेपायी राहून जातं.

सदाशिवपेठी

बरं, गेज गेला. मग चार्ल्स व्हिटमन? १९६६, टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून गोळीबार. आधी आई आणि बायकोला मारलं, आणि 'माझं डोकं तपासा' असं लिहून ठेवलं. शवविच्छेदनात गाठ निघाली!

काळा_कोट

निघाली. पण राज्यपालांनी नेमलेल्या समितीने गाठीमुळेच हे झालं असं म्हणायला नकार दिला. हातभार लागला असू शकतो, एवढंच. आणि त्या माणसाची तयारी बघा. बंदुका, काडतुसं, खाण्यापिण्याचं सामान भरलेली पेटी घेऊन मनोऱ्यावर चढला. मास्तरची गाठ दोनदा काढून दोनदा पडताळा मिळाला. इथे पडताळायला माणूसच उरला नाही. दोन्ही केसेस एका माळेत ओवू नका.

आणि मेंदूवर अति विश्वास टाकला की काय होतं ते आपण पुण्यातच पाहिलंय. २००८ मध्ये एका खुनाच्या खटल्यात आरोपी तरुणीच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून वाक्यं ऐकवली. गुन्ह्याची 'अनुभवजन्य स्मृती' तिच्या मेंदूत सापडली असा अहवाल आला, आणि जन्मठेप देताना सत्र न्यायालयाने तोही विचारात घेतला. जगभरच्या मेंदूतज्ज्ञांनी डोक्याला हात लावला. पुढे तिला उच्च न्यायालयात जामीन मिळाला, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशा चाचण्या घ्यायला मनाई केली. पिंपळपान, जो मेंदूचा कागद आज तुमच्या मास्तरला वाचवतो, तोच उद्या दुसऱ्या कोणाला आत टाकतो. तेव्हा काय म्हणाल?

पिंपळपान

म्हणेन की तो कागदच निराळा आहे. गाठ डोळ्यांना दिसते, शल्यचिकित्सक ती हातात धरतो. 'स्मृती सापडली' हा यंत्राच्या रेघांवरून काढलेला तर्क. २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले होते. आकडेमोडीत काळजी घेतली नाही तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही 'हालचाल' दिसते, हे दाखवायला. म्हणून माझी अट आहे: कारण वेगळं काढून दाखवा, ते काढल्यावर वागणं थांबतं हे दाखवा.

न्यूरॉन_नाशिक

अट कडक आहे आणि मला आवडली, पण तिच्यात स्किझोफ्रेनिया बसत नाही. काढून टाकायला तिथे गाठ नाही, औषधाने अर्धवट उतरतो, पुन्हा चढतो. काळा_कोट यांनी सांगितलेला शिपाई तुमच्या अटीत नापास होईल, आणि मुक्त व्हायलाच हवा असा कोणी असेल तर तोच.

तिरका_डोळा

घ्या. आता धागाकर्तीची अट आमच्यापेक्षा कठोर निघाली.

पिंपळपान

शिपायासाठी कलम ८४ (आता २२) आहेच की, 'कळत नव्हतं' वाल्यांसाठी. माझा वाद 'कळतं पण आवरत नाही' वाल्यांचा आहे, ज्यांना आज कायद्यात कुठेच जागा नाही. काळा_कोट, अशा आरोपीचा एमआरआय काढा असा अर्ज आज कोणी करू शकतं का, आणि खर्च कोण करतं?

काळा_कोट

अर्ज करता येतो, मंजूर करणं न्यायाधीशांच्या हातात. ज्याला स्वतःचा वकील नाही त्याला विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो, पण त्या वकिलाला 'हा माणूस वर्षभरापूर्वी असा नव्हता' हे सांगणारं कोणी भेटलं तर तो अर्ज करील ना. ते सांगू शकतात फक्त घरचे. आणि घरच्यांनी तोपर्यंत बहुतेक वेळा त्याच्याशी बोलणं टाकलेलं असतं.