गेटपाशी कर्बची रेषा तोडा

एकाने विचारलंय, सर्व्हेत कर्बचे (रस्त्याकडेच्या उंच काठाचे) पॉइंट कोडसकट (पॉइंट कशाचा हे सांगणाऱ्या अक्षरांसकट) टिपून आणले तरी वरची कड, खालची कड, मागची कड ऑफिसात नकाशावर हातानेच का ओढायची? नाही ओढावी लागत. सिव्हिल थ्रीडी या नकाशाच्या सॉफ्टवेअरसाठी मी कर्बची खालची कडच टिपतो. पहिल्या पॉइंटला कोडपुढे ‘बी’ (रेषा सुरू), मग ‘एच’ आणि ‘व्ही’सोबत कर्बची आडवी-उभी मापं. बाकीच्या रेषा सॉफ्टवेअरमध्ये आपोआप समांतर निघतात. फक्त चालायची दिशा सांभाळा, उलटं चाललात की नकाशात कर्ब रस्त्यात येऊन पडतो.

खरी गोची सोसायट्यांच्या गेटपाशी. नाशिकच्या गंगापूर रोडला हे फार जाणवतं. गेटसमोर कर्ब उतरतो, पुढे पुन्हा चढतो आणि ठरलेलं ‘व्ही’ तिथं खोटं ठरतं. उतार सुरू होतो तिथेच ‘ई’ देऊन रेषा तोडा, उतरता भाग वरखाली दोन्ही कडांना मोजणीचा पोल धरून वेगळा टिपा.

वळणाला ‘बीसी’ (वळण सुरू) आणि ‘ईसी’ (वळण संपलं) एवढ्यावर भागवू नका. कंस आधीच्या रेषेला स्पर्शिका धरून निघतो, त्यामुळे आधीचा पॉइंट दोन बोटं सरकला तरी कंस फुगतो. मध्ये एक पॉइंट घ्याच. पोल धरणाऱ्या पोरालाही हे वहीत चित्र काढून दाखवा.